नोकरी वाचली, पण वाट कुठे आहे?



कोणत्याही मोठ्या स्टेशनावरच्या साहेबाला विचारा, अपंगांसाठी प्रशासनाने काय केले? तो ताबडतोब बोट दाखवील. हा पाहा रॅम्प, ही चाकाची खुर्ची, ही निळी पाटी, ही तिकिटाची बसकी खिडकी. प्रत्येकाचा फोटो फायलीत लावलेला असतो. आता त्याच साहेबाला पुढचा प्रश्न विचारा: या रॅम्पच्या पायथ्यापर्यंत माणसाने पोचायचे कसे? साहेब म्हणेल, "ते महापालिकेचे काम. आमची हद्द इथे संपते."

महापालिकेत जा. तिथला अभियंता सांगेल, "स्टेशनासमोरची जागा रेल्वेची. आम्हाला हात लावता येत नाही." सार्वजनिक बांधकाम खाते म्हणेल, रस्ता आमचा, फूटपाथ त्यांचा. आणि या तिघांच्या हद्दी जिथे भेटतात नेमक्या त्याच जागी फूटभर उंचीची पायरी, एक तुटलेले गटाराचे झाकण आणि मोटारसायकलींची रांग असते. कुबडी घेऊन निघालेल्या माणसाचा प्रवास तिथेच संपतो. आतला रॅम्प फोटोपुरता उरतो.

हा प्रश्न दानशूर मंडळींचा नाही, ३ डिसेंबरला हारतुरे घेऊन साजरा करण्याचाही नाही. हा वेतनाइतकाच, कामाच्या तासांइतकाच कामगारांचा प्रश्न आहे. युनियनने तो हातात घेतला पाहिजे. का घेतला पाहिजे, ते सांगण्यासाठी हा लेख.

हातपाय कोणाचे जातात?

शंटिंग करताना दोन बफरांमध्ये सापडतो तो पॉइंट्समन. पावसात, धुक्यात रुळावर काम करताना गाडीखाली येतो तो ट्रॅकमन. ओव्हरहेड वायरचा झटका बसून हात गमावतो तो टीआरडीचा माणूस. टपालाची पिशवी घेऊन सायकलवरून जाताना ट्रकची धडक बसते ती पोस्टमनला. ज्याला अपघात होत नाही त्याचे गुडघे तीस वर्षे खडीवरून चालून झिजतात. आरएमएसमध्ये रात्रपाळ्या करणाऱ्याचे डोळे साखरेने मंद होतात. धडधाकटपणाच्या पदावर आपल्यापैकी कोणीही कायम नाही. तिथे आपण सगळे हंगामीच आहोत.

पूर्वी अशा कामगाराला मेडिकल बोर्डाचा कागद हातात देऊन घरी पाठवण्याची वाट मोकळी होती. ती बंद केली १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने. हा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४७ ने सांगितले की, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढता येणार नाही, त्याचा हुद्दा कमी करता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्या. ते नसेल तर सुपरन्युमररी पोस्ट निर्माण करा. रेल्वे बोर्डाने १९९९ मध्ये डिकॅटेगराइझ झालेल्या कर्मचाऱ्यांचे नियम याच कलमाप्रमाणे बदलले. २००३ मध्ये 'कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या एका एसएसबी शिपायाच्या बाजूने निकाल दिला आणि हे कलम किती भक्कम आहे ते दाखवून दिले. २०१६ च्या नव्या दिव्यांग हक्क कायद्यात हाच हक्क कलम २० च्या चौथ्या पोटकलमात कायम आहे.

म्हणजे कागदावर नोकरी वाचली. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा.

आमच्या विभागातला एक पॉइंट्समन. शंटिंगमध्ये डावा पाय गुडघ्याखाली गेला. जयपूर फूट बसवला, कुबडी घेतली, ऑफिसात टेबलाचे काम मिळाले. पगार तोच राहिला. क्वार्टरपासून ऑफिस जेमतेम अर्ध्या मैलावर. पण वाटेत फूटपाथ म्हणावा तर त्याची कड गुडघ्याला लागेल इतकी उंच. वर चढलेच तर दहा पावलांवर विजेची डीपी, तिच्यापुढे दुकानाच्या पायऱ्या, त्यांच्यापुढे खोदून ठेवलेली केबल. खाली रस्त्याच्या कडेने चालावे तर मागून बस अंगावर येते. पावसाळ्यात दोनदा पडल्यावर त्याने रिक्षा धरली. जाताना चाळीस, येताना चाळीस. महिन्याला पंचवीस दिवस धरा, दोन हजार रुपये झाले. ज्या पगाराचे कायद्याने रक्षण केले, त्याला शहराचा रस्ता दरमहा कात्री लावतो.

यावर कोणी म्हणेल, केंद्र सरकारच्या अपंग कर्मचाऱ्याला वाहतूक भत्ता दुप्पट मिळतो की! बरोबर आहे, मिळतो, आणि तो लढून मिळवलेला हक्क आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. याच रस्त्यावरून जायला या माणसाला दुप्पट खर्च येतो हे सरकार स्वतःच कबूल करत आहे. रस्ता नीट करायचा नाही आणि नीट नसल्याचे पैसे भरत राहायचे, असा हा कारभार आहे. शिवाय हा भत्ता कोणाला? कायम नोकरांना. गाडी धुणारा ठेक्यावरचा मुलगा, पार्सलची गाडी ओढणारा, ठेकेदाराच्या मस्टरवरचा सफाई कामगार, यांचा पाय गेला तर एकरकमी भरपाईसाठी कचेऱ्यांच्या खेटा घालाव्या लागतात. त्या कचेरीचीही सुरुवात पायऱ्यांनीच होते.

"ऐपत" नावाची पळवाट

१९९५ च्या कायद्यात रस्त्यांसाठीही कलम होते, कलम ४५. सिग्नलवर अंधांसाठी आवाज, फूटपाथच्या कडेला उतार, झेब्रा क्रॉसिंगवर आणि रेल्वे फलाटाच्या कडेला पायाला कळतील अशा खुणा, हे सगळे त्यात लिहिले होते. पण आरंभीच एक शेपटी जोडली होती: सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत. हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. प्रत्येक वेतन आयोगापुढे, बोनसच्या प्रत्येक बैठकीत सरकारची ऐपत नसते. उद्घाटनाच्या मांडवासाठी मात्र ती बरोबर उगवते.

२०१६ च्या कायद्यात सुगम्य रस्त्यांच्या बाबतीत ही शेपटी उरली नाही. कलम ४१ सांगते की, बसथांबे, रेल्वे स्टेशने आणि विमानतळ येथील पार्किंग, स्वच्छतागृहे, तिकीट खिडक्या ठरलेल्या मानकांप्रमाणे अपंगांना वापरता आल्या पाहिजेत आणि रस्तेही. जुन्या गाड्या बदलण्याच्या बाबतीत मात्र "आर्थिकदृष्ट्या परवडेल तर" अशा अर्थाची पळवाट ठेवलीच. कलम ४५ ने सर्व जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली. नियम १५ जून २०१७ ला जाहीर झाले, म्हणजे ही पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपली. आपण रोज ज्या इमारतीत कामाला जातो तिच्या दाराशी उभे राहून एकदा पाहा, मुदत कोणासाठी संपली?

नियम करताना सरकारने आणखी एक गंमत केली. सुगम्यतेची मानके म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वे जोडली, त्यांची भाषा होती शिफारशीची. करावे, केल्यास बरे, शक्य तिथे करावे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर नेमके बोट ठेवले. कायदा सक्तीचा आणि नियम ऐच्छिक असे चालणार नाही, असे सांगून नियम १५ रद्दबातल ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीची मानके करण्याचा आदेश केंद्राला दिला. ही याचिका दाखल झाली होती २००५ मध्ये! त्यानंतर १४ मे २०२५ रोजी याच न्यायालयाने सांगितले की, चालण्यायोग्य फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो फूटपाथ अपंगांनाही वापरता आला पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने आहे. पण कारखाना कायदा आपल्या बाजूने असतानाही कामाचे तास आपोआप कमी झाले नाहीत, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार?

सबबींचा समाचार

पहिली सबब: "असे कितीसे लोक असतात?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात सुमारे साडेएकोणतीस लाख. ते रस्त्यावर दिसत नाहीत, कारण रस्ता त्यांना बाहेर येऊ देत नाही. नदीवर पूल बांधू नका आणि मग पलीकडे कोणी जात नाही म्हणून पुलाची गरज नाही असे म्हणा, तसा हा हिशेब आहे. शिवाय फूटपाथचा उतार काय फक्त चाकाच्या खुर्चीलाच लागतो? गरोदर बाई, पेन्शनला निघालेले आजोबा, पार्सलची हातगाडी, सायकल हातात धरून चालणारा पोस्टमन, सगळ्यांनाच तो लागतो.

दुसरी सबब: "खर्च फार." भारतीय रोड काँग्रेसची मानके सांगतात की फूटपाथची कड १५ सेंटिमीटरहून उंच नसावी आणि चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. उताराचे प्रमाण एकास बारा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या कडेला १.८ मीटर लांबीचा उतार पुरतो. गवंड्याचे एका दिवसाचे काम! तेच दुर्लक्ष करून आधी सहा मीटर उंचीचा पूल बांधला, तर त्याला ७२ मीटर उतार लागतो, वर मध्ये थांबायच्या जागा वेगळ्या. खर्च वाढतो तो आधी विसरल्यामुळे. आराखड्यातच काढले तर उतार आणि पायरी यांच्या खर्चात फरक तो काय?

तिसरी सबब सगळ्यांत लबाड: "फेरीवाले फूटपाथ अडवतात." आता न्यायालयाच्या आदेशाचा कागद दाखवून गाड्या उचलल्या जातील आणि सांगितले जाईल, अपंगांसाठी केले. बंधूंनो, या सापळ्यात अडकू नका. फूटपाथवर पक्के बांधकाम कोणाचे? डीपी वीज कंपनीची, पायऱ्या दुकानमालकाच्या, कमान नगरसेवकाची, उभ्या मोटारी बंगल्यांच्या. त्यांना हात लागत नाही, भाजीची टोपली मात्र पहिल्या फेरीत उचलली जाते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे आणि तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असतात. जागा आखून द्या, चालण्याची पट्टी मोकळी ठेवा, दोघेही राहतील. आणि विसरू नका, एके काळी सरकारने अपंगांना एसटीडी-पीसीओचे बूथ देऊन स्वावलंबी केल्याच्या जाहिराती केल्या. मोबाइल आला, बूथ बसले, आणि त्यांतले कितीतरी जण आज त्याच फूटपाथवर चार्जर आणि पेन विकत बसले आहेत. गरिबाला गरिबाशी लढवण्याची ही जुनी रीत आहे. संप फोडताना आपण ती पाहिली आहे.

चुकीचा सिग्नल

स्टेशनात पिवळ्या उठावदार फरशा आपण पाहतो. त्यांचा जन्म जपानचा. १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसल्या आणि पुढे तिथल्या रेल्वेने फलाटांवर घेतल्या. अर्थ सोपा आहे. लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे. रेल्वेच्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचे? तो अंध माणसाचा सिग्नल आहे.

मग हा सिग्नल लावतो कोण? ठेकेदार. त्याला चौरस मीटरचे बिल मिळते. म्हणून पट्टी थेट खांबात जाऊन धडकते, ठिपक्यांच्या जागी पट्ट्या बसतात, कुठे शोभेसाठी फरशीच्या रंगाचीच पट्टी लावतात, जी मंद दृष्टीच्या माणसाला दिसतच नाही. आपल्याकडे सिग्नल चुकीचा पडला तर चौकशी बसते, सस्पेन्शन होते, सेक्शनभर पळापळ होते. अंध माणसाला रोज चुकीचा सिग्नल मिळतो आणि त्याबद्दल आजवर कोणाला मेमोसुद्धा मिळालेला नाही.

तीच गत फूटपाथच्या तोंडाशी ठोकलेल्या लोखंडी खुंटांची. मोटारसायकली चढू नयेत म्हणून खुंट ठोकले आणि दोन खुंटांत अंतर इतके कमी ठेवले की चाकाची खुर्ची जाईना. खुर्चीला किमान नव्वद सेंटिमीटर मोकळी वाट लागते. २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकर तरुणाच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने या खुंटांची स्वतःहून दखल घेतली. दोन लोखंडी नळ्यांमधले अंतर मोजायलाही या देशात उच्च न्यायालय लागते!

आणि पार्किंग. अमृत भारत योजनेत तेराशेहून अधिक स्टेशने निवडली आहेत, दर्शनी भाग चकाचक होत आहेत. समोरचे मैदान मात्र पे अँड पार्कच्या ठेक्यात जाते. अपंगाच्या गाडीला ३.६ मीटर रुंदीची जागा लागते, कारण शेजारी खुर्ची उघडावी लागते. ती दरवाजापासून ३० मीटरच्या आत हवी. ठेकेदाराच्या हिशेबी तेवढ्या जागेत चार स्कूटरी मावतात. म्हणून निळी खूण जमिनीवर असते आणि तिच्यावर स्कूटरी. साइडव्हीलची स्कूटर घेऊन आलेल्या बुकिंग क्लार्कला तो सांगतो, "पलीकडे लावा." पलीकडे म्हणजे दोनशे पावले. त्या स्कूटरींत आपल्या सभासदांच्याही असतात, हेही इथेच बोललेले बरे. ड्यूटीला उशीर झाला म्हणून रॅम्पच्या तोंडाशी गाडी लावणारा माणूस व्यवस्थापनाचा नसतो. तो आपला असतो.

पोस्टाची पायरी

टपाल कामगारांनो, तुमच्याकडे तर हा प्रश्न दाराशीच उभा आहे. देशात १ लाख ६४ हजारांहून अधिक टपाल कचेऱ्या आहेत. बँक नसलेल्या गावात पेन्शन, बचत, आधार सगळे तिथेच. अनेक उपडाकघरे भाड्याच्या जुन्या घरांत, चार पायऱ्या चढून, उंबरठा ओलांडून. म्हातारी पायरीवर बसते आणि काउंटरवरचा कर्मचारी चांगुलपणाने अंगठ्याचे यंत्र घेऊन खाली उतरतो. हा त्याचा मोठेपणा आहे, पण खात्याची ती लाज आहे. कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर इमारतीची उणीव किती दिवस झाकायची? भाडेकरार नवा करताना रॅम्पची अट मालकाला घाला. शाखा डाकघर ग्रामीण डाक सेवकाच्या घरातच असेल तर त्या उताराचा खर्च खात्याने द्यावा, त्याच्या तुटपुंज्या भत्त्यातून तो काढू नये.

आपण काय करायचे?

सरकारने नाव बदलले. अपंगाचे दिव्यांग झाले. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलले, पायरी तिथेच आहे. म्हणून आपण नावावर भांडत न बसता पायरीवर भांडू.

पहिले, प्रत्येक शाखेने स्टेशन, क्वार्टर, ऑफिस, दवाखाना आणि पोस्ट यांना जोडणारा रस्ता एका सुट्टीच्या दिवशी पायी तपासावा. सोबत शाखेतला कुबडी किंवा खुर्ची वापरणारा सभासद आणि एक मोजपट्टी घ्यावी. कड किती उंच, वाट किती रुंद, अडथळा कोणाचा, हे जागच्या जागी लिहावे.

दुसरे, ती यादी पीएनएमच्या अजेंड्यावर आयटम म्हणून घालावी. टपाल बांधवांनी विभागीय बैठकीत घालावी. हद्दीची सबब चालू देऊ नये. डीआरएम आणि महापालिका आयुक्त यांची संयुक्त पाहणी मागावी, आणि पाहणीच्या टिपणावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

तिसरे, पार्किंगच्या ठेक्यात राखीव जागा आणि ती अडवल्यास ठेकेदाराला दंड ही अट लेखी मागावी.

चौथे, उत्तर आले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, केंद्रीय खात्याबाबत दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करावी. कायद्याच्या कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. तो कागदावर झोपू देऊ नये.

पाचवे, आणि हे आधी करावे. आपल्या कितीतरी शाखांची कार्यालये अरुंद लाकडी जिना चढून माडीवर आहेत. पाय गमावलेला सभासद वर्गणी भरतो, पण सर्वसाधारण सभेला येऊ शकत नाही. त्याचे मत मोजायचे तर सभा खाली घ्या. प्रशासनाच्या दारातली पायरी मोजायला निघालेल्या युनियनच्या स्वतःच्या दारात पायरी असून चालणार नाही.

१९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांनी वीस दिवस चाके थांबवली. तेव्हा मागण्यांच्या यादीत जे होते त्यातल्या कितीतरी गोष्टींना लोक अव्वाच्या सव्वा म्हणत होते. आज त्या सर्व्हिस रूलमध्ये छापलेल्या आहेत. फूटपाथचा उतार तर त्या मानाने फार लहान मागणी आहे, १५ सेंटिमीटरची. पण तिच्यावाचून पाय गमावलेल्या कामगाराचा कायद्याने वाचवलेला हुद्दा, वाचवलेला पगार आणि वाचवलेले नाव मस्टरवर असते आणि माणूस मात्र घरात असतो. मस्टरवरच्या त्या प्रत्येक माणसाला त्याच्या टेबलापर्यंत सन्मानाने पोचता येईपर्यंत ही मागणी आपल्या अजेंड्यावरून खाली उतरता कामा नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!